बोरीबंदरचे फलाट

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, तेव्हा तिला 14 डबे होते आणि प्रवासी सुमारे 400. पुढे तिथेच 1878 मध्ये फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सच्या आराखड्यानुसार व्हिक्टोरिया टर्मिनसचं काम सुरू झालं. दहा वर्षांनी उभ्या राहिलेल्या त्या दगडी वास्तूचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण रूळ कुठे संपणार हे तिने कायमचं ठरवून टाकलं. फलाट लांबवायचा तर तो फक्त मशीद स्टेशनच्या दिशेने, आणि नेमके तिथेच सगळे सांधे एकवटलेले!

अशा टर्मिनसवर खरी टंचाई असते ती फलाटावरच्या वेळेची. वाफेच्या काळात आलेल्या गाडीचं इंजिन बफरशी कोंडून राही. दुसऱ्या टोकाला इंजिन लावल्याशिवाय गाडी परत फिरत नसे. 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हीटी ते कुर्ला विजेची लोकल धावली आणि ही अडचण मिटली, कारण तिच्या दोन्ही टोकांना मोटरमनची केबिन होती. आजही, व्हीटीचं सीएसएमटी झाल्यावरही, तिथे लोकल पुरती थांबण्याआधीच खिडकीसाठी उड्या पडतात, दुसऱ्या टोकाला मोटरमन चढतो, इंडिकेटरवर कल्याण किंवा कसारा लागतं आणि काही मिनिटांत फलाट मोकळा होतो. म्हणूनच एवढ्या लोकल 7 फलाटांवर भागतात. लांब पल्ल्याच्या गाड्यांना मात्र 11 लागतात. चर्चगेट तर अवघ्या 4 फलाटांवर चालतं.

2016 मध्ये हार्बर मार्गाच्या लोकल 9 डब्यांवरून 12 डब्यांच्या झाल्या. एकही फेरी न वाढवता जागा एक तृतीयांशाने वाढली! पण त्यासाठी आधी सीएसएमटीचे फलाट लांबवावे लागले. जून 2024 च्या तोंडावर फलाट 10 आणि 11 हे 24 डब्यांच्या गाड्यांसाठी लांबवले, तेव्हा रूळ, सांधे, सिग्नल सगळंच हलवावं लागलं. त्यासाठी 36 तासांचा ब्लॉक घेतला आणि शेकडो लोकल रद्द झाल्या. हा त्रास मुंबईकरांनी सोसला, आणि तो सोसण्याजोगाच होता.

तरी फलाट लांबले म्हणून त्यांच्याकडे येणारे रूळ वाढत नाहीत. कुर्ल्याच्या पुढे सीएसएमटीपर्यंत पाचवी-सहावी मार्गिका नसल्याने मेल-एक्सप्रेस जलद लोकलच्याच रुळांवरून येतात. दोन्ही अंगांना पूल आणि इमारती; नवे रूळ टाकायला जागा काढणं सोपं नाही. म्हणून 2019 मध्ये परळला टर्मिनस झालं ते फार बरं झालं. तिथून सुटणारी लोकल सीएसएमटीचा फलाट अडवत नाही, त्याच्या तोंडाशी असलेले सांधेही नाहीत.