सूकी शेवटी कोणाची?

मंडळी, शार्लेन हॅरिसबाईंनी २००१ मध्ये सूकी स्टॅकहाउसची गोष्ट सुरू केली. लुइझियानातल्या बारमधली ही वेट्रेस, हिला लोकांच्या मनातलं ऐकू येतं. व्हॅम्पायरचं तेवढं येत नाही, म्हणून तर प्रेमात पडली! बारा वर्षं, तेरा पुस्तकं. कितीतरी वाचक एरिक या व्हॅम्पायरवर फिदा. मे २०१३ मध्ये शेवटचं पुस्तक यायच्या आधीच जर्मनीतून शेवट फुटला: सूकी बारमालक सॅमची! मग काय, शिव्याशाप, लेखिकेला धमक्यासुद्धा. इतकी वर्षं जीव लावलेल्यांचा राग मला कळतो, धमक्या नाही कळत. पण पहिल्यापासून उन्हात पडून राहायला आवडणारी ही पोर फक्त रात्रीच जागणाऱ्याबरोबर कशी नांदली असती? एरिकवाल्या मैत्रिणींनो, या भांडायला. चहा टाकते.