निकाल तेवढे अनुदान

इंग्लंडमध्ये १८६२पासून पुढची जवळजवळ पस्तीस वर्षे प्राथमिक शाळेला मिळणारे सरकारी अनुदान मुख्यतः मुलांच्या परीक्षेच्या निकालावर ठरत होते. शाळेला पैसा द्यायचा तर तिने त्याचा हिशेब दिला पाहिजे, हा विचार कायद्याच्या चौकटीत इतक्या कडकपणे पहिल्यांदा बसला तो या व्यवस्थेत. तिचे पडसाद मुंबई इलाख्यातही उमटले आणि तिच्यावरचा एक नेमका आक्षेप पुण्यातून नोंदवला गेला.

इंग्लंडच्या पार्लमेंटने १८३३मध्ये शाळांसाठी २०,००० पौंड मंजूर केले होते. १८६१पर्यंत हा खर्च ८ लाख पौंडांवर गेला. तेव्हाच्या बहुतेक शाळा चर्चच्या संस्थांच्या. सरकार त्यांना मदत करी आणि निरीक्षक पाठवी. क्रिमियन युद्धाने तिजोरीवर ताण आला होता, त्यामुळे काटकसरीची भाषा जोरात होती. १८५८मध्ये नेमलेल्या न्यूकॅसल आयोगाने १८६१च्या अहवालात तक्रार केली, की शिक्षक वरच्या वर्गातल्या हुशार मुलांवर मेहनत घेतात आणि लहान मुलांना वाचता-लिहिता येते की नाही, याकडे फारसे पाहत नाहीत. तक्रार खरी होती आणि अन्यायावर बोट ठेवणारीही होती. शिक्षण खात्याचे प्रमुख रॉबर्ट लो यांनी तिच्यावर काढलेला उपाय म्हणजे १८६२ची ‘सुधारित संहिता’. ही योजना स्वस्त पडली नाही तर कार्यक्षम ठरेल आणि कार्यक्षम ठरली नाही तर स्वस्त पडेल, असे त्यांनी पार्लमेंटला सांगितले.

योजनेचा हिशेब असा होता. सरासरी हजेरीवर दर मुलामागे ४ शिलिंग. सहा वर्षांवरचे मूल वर्षात दोनशेहून जास्त वेळा सकाळच्या किंवा दुपारच्या शाळेला हजर राहिले, तर त्याच्यामागे आणखी ८ शिलिंग मिळवता येत. पण निरीक्षकासमोर वाचन, लेखन, गणित यांपैकी ज्या विषयात ते नापास होई, त्या प्रत्येक विषयाचे २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. सहा इयत्ता ठरवून दिल्या होत्या. पहिलीच्या मुलाने एकाक्षरी शब्दांचा मजकूर वाचायचा, सांगितलेली अक्षरे आणि वीसपर्यंतचे आकडे पाटीवर लिहायचे, दहाच्या आतली बेरीज-वजाबाकी तोंडी करायची. सहावीच्या मुलाला वर्तमानपत्रातला एखादा परिच्छेद वाचता यावा, अशी अपेक्षा होती. मूळ मसुद्यात मुलांची परीक्षा वयानुसार घ्यायची होती. उशिरा शाळेत आलेले गरिबांचे मूल त्यात हमखास मागे पडले असते. विरोध झाल्यावर वयाऐवजी इयत्ता आल्या. पण एकदा बसलेल्या इयत्तेसाठी मूल पुन्हा बसवता येत नसे, त्यामुळे कच्च्या मुलाचीही दरवर्षी पुढे ढकलगाडी सुरू झाली.

अनुदानाचा आकडा तेवढा लगेच खाली आला. १८६५पर्यंत तो सुमारे ६ लाख ३७ हजार पौंडांवर उतरला. शिकता शिकता शिकवणाऱ्या उमेदवार शिक्षकांची संख्याही घटली. वर्गात काय झाले, ते कवी आणि शाळा-निरीक्षक मॅथ्यू आर्नल्ड यांनी आपल्या अहवालांतून वर्षानुवर्षे मांडले. परीक्षेचे वाचनपुस्तक ठरलेले असल्याने मुले ते तोंडपाठ करत. धडा न अडखळता म्हणणाऱ्या मुलाला दुसऱ्या पुस्तकातली ओळ वाचता येईलच, याची खात्री नसे. इतिहास, भूगोल यांचे पैसे मिळत नव्हते, म्हणून ते मागे पडले. १८६७ नंतर असे काही विषय अनुदानात घेतले गेले, तेव्हा तेही त्याच घोकंपट्टीच्या चरकात आले.

सर्वांत मोठा अन्याय पैशाच्या वाटपात होता. या संहितेने प्रत्येक शाळेला रोजनिशी ठेवायला लावली होती. कापणीसाठी, बटाटे काढण्यासाठी मुले घरी राहिली, गोवर आला, पावसाने रस्ते बंद झाले, अशा नोंदी खेड्यांतल्या रोजनिशांत पुन्हा पुन्हा येतात. यातली कुठलीच गोष्ट शिक्षकाच्या हातात नव्हती, तरी दंड शाळेला बसे आणि बहुधा मास्तरांच्या पगारात उतरे. ज्या वस्तीत मुलांना जास्त मदत हवी, तिथेच सरकारचा हात आखडे. १८७०मध्ये स्थापन झालेल्या शिक्षकसंघटनेने या पद्धतीविरुद्ध लढा चालवला. १८९०मध्ये या पद्धतीचा मुख्य भाग आणि १८९७पर्यंत उरलेला भागही गेला. एडमंड होम्स यांनी निरीक्षक म्हणून ही पद्धत स्वतः राबवली होती. निवृत्तीनंतर १९११च्या आपल्या पुस्तकात त्यांनी तिच्यावर कडाडून टीका केली.

मुंबई इलाख्यात १८६०च्या दशकात खासगी शाळांच्या अनुदानाला हेच तत्त्व लागू झाले. त्याच सुमारास शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी ठेवला गेला. म्हणजे शाळेचा पैसा कुणबी भरत होता. १८८२मध्ये हिंदुस्थानातल्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी हा पैसा कोणाच्या शिक्षणावर खर्च होतो, हा प्रश्न रोखठोक विचारला. निकालानुसार अनुदानाबद्दल त्यांचे म्हणणे असे, की ज्या गरीब लोकांत शिक्षणाची गोडीच अजून निर्माण झालेली नाही, त्यांना ही पद्धत मुळीच सोयीची नाही. अशा वस्तीत पदरमोड करून शाळा काढणाऱ्या मास्तराचे पोट त्यावर भरणार नाही. तिथे सरकारी शाळाच हव्यात.

फुल्यांना जाबदारी नको होती, असे नाही. डेप्युटी इन्स्पेक्टरची वर्षातून एक फेरी पुरेशी नाही, तपासणी निदान दर तीन महिन्यांनी व्हावी आणि अधूनमधून न कळवताही व्हावी, हे त्याच निवेदनात आहे. जास्त मुले पास करणाऱ्या मास्तराला बक्षीस द्यावे, हेही आहे. पण ते पगाराव्यतिरिक्त. पगार आधी ठरलेला, बारा रुपयांच्या खाली नाही आणि मोठ्या गावी पंधरा-वीस. लो यांच्या हिशेबात मास्तराला अशी हमी कुठेच नव्हती.

हंटर आयोगाने प्राथमिक शाळांची मदत बऱ्याच अंशी निकालावर ठरवावी, अशीच शिफारस केली. मात्र मागास भागातल्या शाळांना वेगळ्या नियमांनी मदत देण्याची मुभा ठेवली. त्यामुळे इंग्लंडमध्ये ही पद्धत मोडीत निघत असतानाही हिंदुस्थानात ती चालू राहिली. लॉर्ड कर्झन यांच्या सरकारने १९०४च्या शिक्षणविषयक ठरावात तिच्याविरुद्ध भूमिका घेतली आणि त्यानंतर ती इथूनही हटली.