दख्खनच्या पठारावरील काळी मृदा

काळी मृदा किंवा रेगूर ही दख्खनच्या पठारावर प्रामुख्याने बेसॉल्ट खडकाच्या विघटनातून निर्माण झालेली मृदा होय. तिच्यात चिकणमातीचे प्रमाण जास्त असते. पाणी मिळाल्यावर ती फुगते, चिकट होते आणि वाळल्यावर आकसून भेगाळते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, गुजरात, कर्नाटक, तेलंगणा व आंध्र प्रदेश या राज्यांत तिचा विस्तार मोठा आहे. कापसाच्या पिकासाठी प्रसिद्ध असल्यामुळे तिला ‘काळी कापसाची जमीन’ असेही म्हणतात. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात खोल काळ्या मृदांचा समावेश ‘व्हर्टिसॉल’ या गणात होतो.

रंग ही या मृदेची सर्वांत परिचित खूण असली, तरी केवळ रंगावरून तिची प्रकृती ठरत नाही. भूरूप, हवामान व प्रयोगशाळेतील परीक्षणे यांतून मिळणारी माहिती एकत्र वाचल्यावरच एखाद्या ठिकाणच्या काळ्या मृदेचे गुणदोष स्पष्ट होतात. विदर्भातील पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा हे याचे महत्त्वाचे उदाहरण आहे.

नावे व लोकपरंपरेतील वर्गीकरण

‘रेगूर’ हे नाव तेलुगू भाषेतील ‘रेगड’ या शब्दावरून आले, असे मानले जाते. महाराष्ट्रातील शेतकरी जमिनीचे भारी, मध्यम व हलकी असे भेद करतात. खोल, चिकण व ओल धरून ठेवणारी जमीन ‘भारी’, तर उथळ व लवकर वाळणारी जमीन ‘हलकी’ ठरते. डोंगरउतारावरील दगडगोट्यांच्या जमिनीस ‘बरड’, मुरूम वर आलेल्या जमिनीस ‘मुरमाड’ आणि पाणी न मुरणाऱ्या, वाळल्यावर टणक होणाऱ्या जमिनीस ‘चोपण’ म्हणतात. गावगाड्यात ‘काळी’ म्हणजे शेतजमीन व ‘पांढरी’ म्हणजे गावठाणाची जागा, असाही जुना भेद आहे. या लोकवर्गीकरणात खोली, ओलावा व निचरा या गुणांना रंगाइतकेच महत्त्व दिलेले आढळते.

निर्मिती व भूरूप

दख्खनचे बेसॉल्ट खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी झालेल्या लाव्हारसाच्या उद्रेकांतून तयार झाले. या खडकातील प्लॅजिओक्लेज व पायरोक्सीन या खनिजांचे रासायनिक विघटन होऊन ‘स्मेक्टाइट’ गटातील चिकणखनिजे निर्माण होतात. स्मेक्टाइटच्या पातळ थरांमध्ये पाणी शिरू शकते. त्यामुळे थरांमधील अंतर वाढते आणि मृदा फुगते. पाणी निघून गेले की ती आकसते.

एकाच खडकापासून निर्माण झालेली मृदा भूरूपाप्रमाणे वेगवेगळी असते. पठाराच्या माथ्यावर व तीव्र उतारांवर धूप जास्त होत असल्याने मृदेचा थर उथळ राहतो व त्याखाली लगेच मुरूम लागतो. मध्यम उतारांवर मध्यम खोलीची मृदा आढळते. माथ्यावरून वाहून आलेली बारीक माती खोऱ्यांत व सपाट मैदानांत साचते आणि तेथे एक मीटरहून अधिक खोलीची भारी काळी मृदा तयार होते. म्हणजेच अनेक खोल काळ्या मृदा जागच्या खडकावर नव्हे, तर वाहून आलेल्या बेसॉल्टजन्य गाळावर विकसित झाल्या आहेत. माथ्यापासून नदीपर्यंतच्या मृदांच्या या क्रमास मृदाशृंखला म्हणतात. त्यामुळे मृदेचा नमुना घेताना त्या जागेची उंची, उतार व खोऱ्यातील स्थान यांची नोंद करणे आवश्यक ठरते.

हवामानाची माहिती

काळ्या मृदेच्या प्रदेशात पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात पडतो व त्यानंतर दीर्घ कोरडा काळ येतो. सोलापूर भागात वार्षिक सरासरी पाऊस सुमारे ७०० मिमी, अकोला भागात सुमारे ८०० मिमी, तर नागपूर भागात १००० मिमीहून अधिक आहे. मृदेच्या दृष्टीने पावसाच्या एकूण आकड्यापेक्षा त्याची बाष्पीभवन व पर्णोत्सर्जनाशी केलेली तुलना अधिक उपयुक्त असते. या दोहोंच्या ताळेबंदावरून मृदा किती दिवस ओली व किती दिवस कोरडी राहते, याचा अंदाज येतो.

मृदाशास्त्रात या माहितीवरून मृदेची ‘आर्द्रता-व्यवस्था’ व ‘तापमान-व्यवस्था’ ठरवितात. तापमान ५० सेंमी खोलीवर मोजतात किंवा हवेच्या तापमानावरून अनुमानित करतात. वार्षिक सरासरी मृदा-तापमान २२ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त असून उन्हाळा व हिवाळा यांतील फरक ६ अंश किंवा अधिक असल्यास त्या व्यवस्थेस ‘हायपरथर्मिक’ म्हणतात. विदर्भातील बहुतेक काळ्या मृदा या व्यवस्थेत येतात.

हवामानाच्या नोंदी मृदेचा भूतकाळही सुचवितात. आजच्या निमशुष्क हवामानात एवढ्या मोठ्या प्रमाणावर स्मेक्टाइट तयार होणे कठीण आहे. त्यामुळे हे चिकणखनिज पूर्वीच्या अधिक आर्द्र काळात निर्माण झाले व हवामान कोरडे झाल्यावर मृदेत चुना साचू लागला, असे मृदाशास्त्रज्ञांचे मत आहे.

मृदाछेदाचे निरीक्षण

प्रत्यक्ष शेतात खोल खड्डा खणून मृदेच्या उभ्या छेदाचे निरीक्षण केले जाते. प्रत्येक स्तराची जाडी, रंग, पोत, संरचना, मुळांची खोली, चुनखडीचे खडे व भेगांचा विस्तार यांची नोंद होते. रंग मन्सेल रंगतक्त्याशी ताडून लिहितात. उन्हाळ्यात खोल काळ्या मृदेत काही सेंटिमीटर रुंदीच्या आणि एक मीटरपर्यंत खोल भेगा पडू शकतात.

खालच्या स्तरांत चकाकणारी, रेघा उमटलेली तिरकस पृष्ठे दिसतात. त्यांना ‘स्लिकेनसाइड’ म्हणतात. वरच्या मातीच्या भाराखाली फुगताना मातीचे भाग एकमेकांवर घसरतात व त्या घर्षणाने ही पृष्ठे गुळगुळीत होतात. व्हर्टिसॉल ओळखण्याची ही प्रमुख खूण आहे. ‘व्हर्टिसॉल’ हे नाव ‘उलटणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आले आहे. वरची माती भेगांत पडून मृदा सतत उलथीपालथी होते, ही त्यामागील कल्पना होती. मात्र सेंद्रिय कर्बाचे प्रमाण खोलीनुसार क्रमाने घटत जाते, असे परीक्षणांत आढळते. त्यावरून ही उलथापालथ पूर्ण स्वरूपाची नसते, असे दिसून येते.

प्रयोगशाळेतील परीक्षणे

प्रत्येक स्तराचा नमुना सावलीत वाळवून, कुटून व २ मिमी छिद्रांच्या चाळणीतून चाळून परीक्षणासाठी घेतला जातो. प्रमुख परीक्षणे पुढीलप्रमाणे आहेत.

कणांचे प्रमाण : ०.००२ मिमीहून लहान कणांस चिकणमाती म्हणतात. पिपेट किंवा हायड्रोमीटर पद्धतीने तिचे प्रमाण काढतात. काळ्या मृदेत ते सामान्यतः ४० ते ६० टक्के किंवा त्याहूनही अधिक असते.

सेंद्रिय कर्ब : १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेली वॉकली-ब्लॅक पद्धत यासाठी वापरतात. रंग गडद असूनही काळ्या मृदेत सेंद्रिय कर्ब बहुधा १ टक्क्याहून कमी असतो. थोडे सेंद्रिय द्रव्य स्मेक्टाइटशी घट्ट बांधले गेल्यामुळे रंग काळसर दिसतो. त्यामुळे काळी जमीन म्हणजे सेंद्रिय द्रव्याने समृद्ध जमीन, हा समज बरोबर नाही.

सामू, विद्युत वाहकता व मुक्त चुना : सामू सामान्यतः ७.५ ते ८.५ असतो. विद्युत वाहकतेवरून विद्राव्य क्षारांचे प्रमाण कळते. मुक्त चुन्यामुळे स्फुरद, लोह व जस्त यांची पिकांना होणारी उपलब्धता कमी होते.

धनायन विनिमय क्षमता : कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम व पोटॅशियम यांचे धनभारित कण धरून ठेवण्याची मृदेची ही क्षमता होय. स्मेक्टाइटमुळे काळ्या मृदेत ती जास्त असते. एकूण क्षमतेपैकी किती टक्के जागा सोडियमने व्यापली आहे, त्यास ‘विनिमयक्षम सोडियमची टक्केवारी’ म्हणतात.

फुगण्या-आकसण्याचे मापन : ओल्या व वाळलेल्या ढेकळाच्या लांबीतील फरकावरून रेषीय प्रसरण गुणांक काढतात. बांधकामासाठी ‘मुक्त फुगवटा निर्देशांक’ वापरतात. त्यात समान वजनाची माती पाण्यात व केरोसीनमध्ये ठेवून आकारमानातील फरक मोजला जातो. केरोसीनमध्ये माती फुगत नाही.

क्ष-किरण विवर्तन : या पद्धतीने खनिजाची निश्चित ओळख पटते. ग्लायकोलच्या प्रक्रियेनंतर स्मेक्टाइटच्या थरांतील अंतर सुमारे १.७ नॅनोमीटरपर्यंत वाढते. पोटॅशियमने भारित करून तापविल्यावर ते सुमारे १ नॅनोमीटरपर्यंत घटते.

जलवाहकता : पाण्याने संपृक्त मृदेतून पाणी किती वेगाने खाली जाते, याचे हे मापन आहे. निचऱ्याची खरी स्थिती यातून कळते.

वर्गीकरण

१९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी ‘सॉइल टॅक्सॉनॉमी’ या पद्धतीत व्हर्टिसॉलसाठी तीन मुख्य अटी आहेत. वरच्या १०० सेंमीमध्ये किमान २५ सेंमी जाडीचा स्लिकेनसाइडयुक्त किंवा पाचरीच्या आकाराच्या ढेकळांचा स्तर असावा, ५० सेंमी खोलीपर्यंत किमान ३० टक्के चिकणमाती असावी आणि भेगा ठरावीक काळाने उघडत व मिटत असाव्यात. काळ्या रंगाची अट यात नाही. वर्षातून एकूण ९० किंवा अधिक दिवस भेगा उघड्या राहणाऱ्या मृदा ‘अस्टर्ट’ या उपगणात येतात. दख्खनच्या बहुतेक खोल काळ्या मृदांचा यात समावेश होतो. उथळ काळ्या मृदा मात्र एंटिसॉल किंवा इन्सेप्टिसॉल गणांत मोडतात. भारतात मृदांचे सर्वेक्षण व वर्गीकरण १९७६ मध्ये स्थापन झालेली, नागपूर येथील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो ही संस्था करते.

पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्टा

सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगा व अजिंठ्याचे डोंगर यांच्यामध्ये पूर्णा नदीचे गाळाने भरलेले खोरे आहे. अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतील या खोऱ्यात सुमारे ४.७ लाख हेक्टर क्षेत्र खारपाणपट्टा म्हणून ओळखले जाते. भूजल खारे असल्याने हे नाव पडले. विहिरीचे पाणी ओलितास निरुपयोगी व पिण्यासही अयोग्य असल्याने येथील शेती मुख्यतः पावसावर अवलंबून राहिली आहे.

येथील मृदा दिसण्यास अन्य भारी काळ्या जमिनीसारखीच आहे. परंतु पावसाळ्यात पाणी मुरत नाही, शेतात चिखल फार काळ राहतो, वाफसा उशिरा येतो आणि पाऊस थांबल्यावर पिकाला ओल अपुरी पडते. याचे कारण हवामान व रसायन यांच्या संबंधात आहे. कोरड्या हवामानात मृदाद्रावणातील कॅल्शियम चुन्याच्या रूपाने साचतो. परिणामी विनिमयस्थानांवर सोडियमचे सापेक्ष प्रमाण वाढते. सोडियममुळे चिकणमातीचे कण विखुरतात, छिद्रे बुजतात आणि निचरा मंदावतो. खाली पाणी न गेल्यामुळे सोडियमही वाहून जात नाही व दोष वाढत राहतो.

भूरूपाचाही यात वाटा आहे. सपाट वाटणाऱ्या प्रदेशातही किंचित उंच जागी पाणी कमी मुरते व तेथे सोडियमयुक्त मृदा आढळते, तर किंचित सखल जागी हा दोष कमी असतो, असे विदर्भातील अभ्यासांत नोंदविले गेले आहे.

अमेरिकेतील क्षारता प्रयोगशाळेने १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत विनिमयक्षम सोडियमची १५ टक्के ही मर्यादा चोपण मृदेसाठी मानली आहे. ऑस्ट्रेलियात ६ टक्क्यांची मर्यादा वापरतात. पूर्णा खोऱ्यातील अभ्यासांत सुमारे ५ टक्क्यांपासूनच जलवाहकता घटून कापसाच्या उत्पादनावर परिणाम होतो, असे आढळले. म्हणजे १५ टक्क्यांच्या निकषावर निर्दोष ठरणारी जमीनही प्रत्यक्षात नापिकीकडे झुकलेली असू शकते. याउलट, काही बेसॉल्टजन्य मृदांतील झिओलाइट खनिजे कॅल्शियमचा पुरवठा करीत राहिल्याने सोडियम जास्त असूनही निचरा टिकून राहतो. त्यामुळे एकच आकडा सर्व काळ्या मृदांना लावता येत नाही.

व्यवस्थापनातील महत्त्व

भारत सरकारच्या २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब व पोषक द्रव्ये मिळून १२ घटक तपासले जातात. खतांचे प्रमाण ठरविण्यास ते उपयुक्त आहेत. विनिमयक्षम सोडियम, चिकणमाती व जलवाहकता यांचा त्यांत समावेश नाही. खारपाणपट्ट्यासारख्या भागात, तसेच नव्याने कालव्याचे पाणी येणाऱ्या भारी जमिनींत, ही परीक्षणे स्वतंत्रपणे करणे इष्ट असते. निचरा न पाहता ओलित केल्यास जमीन पाणथळ व चोपण होण्याचा धोका असतो.

सोडियमयुक्त जमिनीत जिप्सम टाकून कॅल्शियम पुरविणे, चर काढून निचरा वाढविणे, ढैंचासारखी हिरवळीची खते घेणे व शेततळ्यात पावसाचे गोडे पाणी साठविणे हे उपाय केले जातात. निचऱ्याची सोय नसल्यास केवळ जिप्समचा उपयोग मर्यादित राहतो. निर्दोष भारी जमिनीत पावसाळ्यातील जादा पाणी काढण्यासाठी रुंद वरंबा-सरी पद्धत वापरतात. सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण भागात खोल जमीन पावसाळ्यात पडीक ठेवून साठलेल्या ओलीवर रब्बी ज्वारी घेण्याची परंपरा आहे. भेगांतून ओल उडू नये म्हणून उभ्या पिकात कोळपणी करून त्या बुजवितात. अशा प्रकारे खोली, ओल व निचरा या तीन गुणांवर पीकपद्धती ठरते आणि हे तीनही गुण भूरूप, हवामान व चिकणखनिज यांच्या परस्परसंबंधातून निर्माण होतात.