मालगुडीचे घर

आमच्या बेळगुंदीच्या परिसरात देवळातील सायंकाळची आरती आटोपली की मंडळी घटकाभर पारावर रेंगाळतात. उत्सवातल्या नाटकात कोणाचा प्रवेश रंगला आणि कोणाचा पडला, याची एके काळी तेथे कसून छाननी होई. आता काल रात्रीच्या मालिकेचे नाव निघते, पण बोलणे ‘बरी होती’ येथवरच थांबते. दूरदर्शनसंचापुढे बसताच आम्ही साक्षीपुरावा मागावयाचे विसरतो. वृत्तपत्रांतही मालिकेचे परीक्षण थोडे आणि नटनटींची वार्ता फार.

चांगली मालिका घडते कशी, हा प्रश्न निघाला म्हणजे आम्हांस शंकर नाग यांची ‘मालगुडी डेज’ आठवते. दूरदर्शन १९५९ साली दिल्लीत आणि १९७२ साली मुंबईत सुरू झाले. १९८४ च्या ‘हम लोग’पासून मालिकांचे युग आले, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात ही मालिका लोकांसमोर आली.

तिची माणसे पाहा. कथा आर. के. नारायण यांच्या, घर तमिळ, लेखणी इंग्रजी. शंकर नाग १९५४ साली होन्नावरकडील कोंकणी घरात जन्मले, मुंबईच्या रंगभूमीवर वावरले. ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटाच्या पटकथेतही त्यांचा वाटा होता. स्वामीच्या वडिलांची भूमिका करणारे गिरीश कार्नाड माथेरानला जन्मलेले, घरी कोंकणी बोलणारे कन्नड नाटककार. आणि मालिका हिंदीत! १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून भाषेचे भांडण उशाशी घेऊन निजणाऱ्या आम्हां सीमावासीयांस या यादीपुढे थोडे थबकावेसे वाटते. आमचा हक्काचा दावा आम्ही सोडीत नाही. पण कलेच्या घरात कोणी कोणाचा सातबारा विचारला नव्हता, एवढे खरे.

नारायण यांना पूर्वी एक कटू अनुभव आला होता. त्यांच्या ‘गाइड’ कादंबरीवर १९६५ साली निघालेल्या हिंदी चित्रपटाने मालगुडी उचलून थेट राजस्थानात नेली. चित्रपट गाजला, लेखक मात्र रुष्ट झाले आणि त्यांनी ते लिहूनही ठेवले. शंकर नागांनी कथेला प्रथम तिची भूमी दिली. शिमोगा जिल्ह्यातील आगुंबे गावी, सह्याद्रीच्या मुसळधार पावसाच्या प्रदेशात, जुन्या चौसोपी घरात त्यांनी चित्रण केले. ते ओले अंगण, ते लाकडी खांब आणि ती पडवी पाहताना आम्हांस परके वाटत नाही. आमच्याकडील भाताच्या खाचरांवरही तोच पाऊस उतरतो. अरसाळूचे लहानसे रेल्वेस्थानक मालगुडीचे झाले, आणि २०२० साली तेथे मालगुडीचे संग्रहालयही उघडले. लेखकाचे बंधू आर. के. लक्ष्मण यांनी चित्रे रेखाटली, एल. वैद्यनाथन यांनी संगीत दिले. कथेत खलपुरुष घुसडला नाही, गाणी कोंबली नाहीत. मुलाच्या परीक्षेची धास्ती एवढाच विषय असला तरी तेवढाच पुरेसा मानला.

आणि कार्नाडांचा तो बाप! तो वकील आहे, म्हणजे आमचाच व्यवसायबंधू. उलटतपासणीचा सूर घरी आणल्यास मुले कशी चिडीचूप होतात, हे त्याने डोळ्यांच्या एका हालचालीने दाखविले. आमच्या घरच्यांनी त्या वेळी आमच्याकडे पाहिले, हे येथे नमूद करणे प्राप्त आहे.

दोष नाहीत असे नव्हे. पात्रांची हिंदी कोठे कोठे पाठ्यपुस्तकी वाटते. काही कथा पडद्यावर फार लवकर आटोपतात. नारायण यांच्या निवेदनातील मिस्कीलपणा कॅमेऱ्यास नेहमी गवसतोच असे नाही. पारावर हा मुद्दा निघाला तर आम्ही तो मान्य करू.

शंकर नाग १९९० च्या सप्टेंबरमध्ये दावणगिरीजवळ मोटार-अपघातात गेले. वय अवघे पस्तीस. २००६ साली कविता लंकेश यांनी मालिकेचे आणखी भाग केले. आमच्या घरी मात्र मुले अजून जुनेच भाग मागतात, आणि आम्हीही फाइल बाजूस सारून त्यांच्या शेजारी बसतो.