गुळवणी : गरिबाघरच्या गोडाचा इतिहास

पाश्चात्त्य देशांत राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी घरोघरी पॅनकेक होतात. घरातील अंडी, दूध, लोणी उपवासकाळापूर्वी संपवावे, हा त्यामागचा जुना प्रापंचिक हिशेब. उत्तर अमेरिकेत त्यावर मेपल वृक्षाच्या रसाचा पाक ओततात. सुमारे चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा एक लिटर पाक हाती येतो. साहजिकच तो महाग. परभणी जिल्ह्यातील गृहिणीने मात्र स्वस्त पाकाचा प्रश्न केव्हाच सोडविला आहे. धिरडे हा आपला पॅनकेक आणि गुळवणी हा त्यावरचा पाक.

या पाकाचे कूळ थोर आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड व शर्करा अशी उसाच्या पदार्थांची मालिकाच दिली आहे. भगवान बुद्धांनी भिक्षूंना औषध म्हणून ज्या पाच वस्तूंची मुभा दिली, त्यांतही फाणित आहे. फाणित म्हणजे आपली काकवी. गुऱ्हाळात काहिलीतील रसाची मळी काढून तो आटवितात. गूळ धरण्यापूर्वी जो दाट रस उतरवून घेतात, ती काकवी.

परंतु गुऱ्हाळ सर्वांच्या दारी नव्हते. निजामी राजवटीतील हा मुलूख प्रामुख्याने कोरडवाहू ज्वारी-कापसाचा. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. पुढे पूर्णेवर येलदरीचे धरण झाले आणि १९७६ साली जायकवाडीचे लोकार्पण होऊन गोदावरीचे पाणी कालव्याने या जिल्ह्याकडे वळले. त्यानंतर उसाचे फड वाढले. तोवर गुळाचा खडा जपून वापरायचा आणि पाहुणे वाढले की पाणी वाढवायचे, हीच रीत. गुळवणीचा जन्म या काटकसरीतला.

कृती अगदी सोपी. वाटीभर चिरलेल्या गुळात अर्धी वाटी पाणी घालून विरघळू द्यावे, गाळून मंद आंचेवर चिकट होईतो उकळावे. वर वेलदोडा वा सुंठ. पुरणपोळीसाठी हीच गुळवणी अधिक पातळ करतात. लिंबाचे चार थेंब पिळल्यास आंबटपणामुळे साखरेची काही प्रमाणात फोड होते आणि पाकात सहसा खडे धरत नाहीत.

मात्र स्वस्ताईचा हिशेब येथेच संपत नाही. गंगाखेड, सोनपेठ, पालम या भागांतून दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस निघतात. तेथे पतिपत्नी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. दोन माणसांचे नाव एका हत्याराला मिळते. मुलांची शाळा अर्ध्यावर राहते. आमच्या ताटातले गोड इतके स्वस्त का, याचे एक उत्तर त्या फडात आहे.

वाचकहो, धिरड्यावर गुळवणी जरूर वाढावी. पाण्याने ती वाढविता येते. उसासाठी गाळलेला घाम मात्र पाण्याच्या मोलाने मोजला जाऊ नये, एवढेच आम्ही म्हणतो.