वकिली, वसतिगृह आणि श्रमाची शिष्यवृत्ती

आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चतुर्विध दानांपैकी शास्त्रदानाचा अर्थ आपल्या पूर्वजांनी दीर्घकाळ ग्रंथलेखन व ग्रंथरक्षण एवढाच घेतला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी हा अर्थ विस्तारला. समाजातील होतकरू मुलास शहरात राहण्यास जागा, दोन वेळचे अन्न आणि शाळेची फी मिळवून देणे, हेही शास्त्रदानच होय, ही जाणीव रुजली. हा बदल घडविणाऱ्यांत श्रेष्ठींचा वाटा मोठा आहे, हे सर्वज्ञात आहे. परंतु कायद्याचे शिक्षण घेतलेल्या मंडळींनीही या कामी जे कष्ट घेतले, त्यांची आठवण सहसा निघत नाही. आपल्या न्यासाच्या सुवर्ण महोत्सवी वर्षात ती काढणे उचित ठरेल.

मुंबईत आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने १९१५ साली श्री महावीर जैन विद्यालयाची स्थापना झाली. त्याचा कारभार मोतीचंद गिरधरलाल कापडिया या सॉलिसिटर गृहस्थांनी अनेक वर्षे मंत्री या नात्याने वाहिला. दिवसा पक्षकारांचे दस्तऐवज आणि उरलेल्या वेळात विद्यालयाचा कारभार व अध्यात्मग्रंथांचे लेखन, असा त्यांचा क्रम असे. तेथे विद्यार्थ्यांस कर्जरूपाने साहाय्य देण्याची पद्धत रूढ झाली. शिकून कमावता झाल्यावर त्याने ती रक्कम परत करावी आणि तीच पुढच्या मुलाच्या कामी यावी, अशी ही योजना. घेणाऱ्याचा स्वाभिमान राखून दान कसे द्यावे, हे वकिली पेशातील माणसास चांगले उमगले होते, असे म्हणावे लागते.

दक्षिण महाराष्ट्राचा वृत्तान्त मात्र अधिक गुंतागुंतीचा, आणि म्हणून अधिक बोधप्रद आहे.

स्तवनिधी क्षेत्री १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. तीच आजची दक्षिण भारत जैन सभा. तिच्या आधारस्तंभांपैकी एक म्हणजे अण्णासाहेब बाबाजी लठ्ठे. कुरुंदवाडसारख्या लहान संस्थानी गावी जन्मलेले लठ्ठे एम. ए., एल्‌एल. बी. झाले. राजाराम महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले, पुढे वकिली केली, आणि १९०५ साली जैन धर्माचा परिचय करून देणारा इंग्रजी ग्रंथ लिहिला. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांस उदार आश्रय दिला. त्या काळी उभ्या राहिलेल्या जैन बोर्डिंगची सूत्रे लठ्ठे यांच्याकडे होती. शिस्त कडक, नियम काटेकोर. खेड्यापाड्यातून आलेल्या शेतकरी जैन कुटुंबांतील मुलांस शिक्षणाचा मार्ग या बोर्डिंगने मोकळा केला, हे त्याचे ऋण कोणीही मान्य करील.

याच बोर्डिंगात कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेला भाऊराव पायगोंडा पाटील नावाचा विद्यार्थी होता. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभास भाऊराव गेले आणि परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. सुधारणेसाठी निघालेल्या संस्थेलाही आपल्या काळाची कुंपणे ओलांडता आली नाहीत. सुवर्ण महोत्सवाच्या अंकात ही गोष्ट झाकून ठेवण्याचे प्रयोजन नाही. भाऊराव मॅट्रिकही झाले नाहीत.

पुढील प्रसंग याहून विलक्षण आहे. १९१४ साली कोल्हापुरात राजपुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण उद्भवले. लठ्ठे यांना त्यात गोवण्यासाठी भाऊरावांनी खोटी साक्ष द्यावी, म्हणून त्यांच्यावर दडपण आले. ज्यांच्या बोर्डिंगातून आपणास बाहेर पडावे लागले, त्यांचा सूड घेण्याची ही आयती संधी होती. भाऊरावांनी साक्ष दिली नाही. त्यांचा कोठडीत अनन्वित छळ झाला. त्या यातनांत त्यांनी आत्मघाताचाही प्रयत्न केला, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. सत्य आणि अहिंसा ही व्रते आपण रोज उच्चारतो. एका तरुणाने ती कोठडीत पाळली. पुढे याच लठ्ठे यांनी शाहू महाराजांचे इंग्रजी चरित्र १९२४ साली प्रसिद्ध केले, ते कोल्हापूरचे दिवाण झाले आणि १९३७ च्या मुंबई प्रांतिक मंत्रिमंडळात अर्थमंत्रीही झाले. कालचक्राची गती अशी असते.

छळातून सुटलेल्या भाऊरावांनी किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी गावोगाव फिरण्याचे काम पत्करले. या फिरतीत खेड्यांतील अज्ञान त्यांनी जवळून पाहिले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली व १९२४ साली तिचे कार्य साताऱ्यास आणले. तेथील वसतिगृहात महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन अशी सर्व मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीत जेवत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. आपल्या बोर्डिंगातून बाहेर पडावे लागलेल्या मुलाने उभारलेले हे बोर्डिंग! धान्य संपले की भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई अंगावरचे दागिने काढून देत. अखेरीस त्यांनी मंगळसूत्रही दिले. ‘कर्मवीर’ ही पदवी भाऊरावांना मिळाली, पण तिच्यातील निम्मा वाटा या माउलीचा मानावयास हवा.

भाऊरावांचे वैशिष्ट्य असे, की त्यांनी विद्यार्थ्यास केवळ अनुदानावर ठेवले नाही. मुलाने शेतात राबावे, इमारतीच्या बांधकामास हात लावावा आणि त्या श्रमाच्या मोबदल्यात शिकावे, ही ‘कमवा व शिका’ योजना होती. १९४० साली साताऱ्यात सुरू झालेल्या महाराजा सयाजीराव हायस्कूलमध्ये आणि १९४७ च्या छत्रपती शिवाजी कॉलेजात ती नियमितपणे चालली. ज्याच्या घरी फीचे पैसे नाहीत, त्याच्या अंगी बळ तर आहे, हा तिचा साधा हिशेब. कापडियांच्या कर्जात जो स्वाभिमान जपला गेला, तोच येथे घामाच्या रूपाने जपला गेला. मात्र कर्ज फेडण्यास नोकरी लागेपर्यंत थांबावे लागे, येथे परतफेड त्याच दिवशी होत असे. १९५९ साली, निधनाच्या वर्षी, भाऊरावांना पद्मभूषण व पुणे विद्यापीठाची डी. लिट. हे बहुमान लाभले.

भाऊरावांनी घडविलेल्या विद्यार्थ्यांपैकी पी. जी. पाटील हे विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले. मुंबईच्या उच्च न्यायालयात त्यांना पैसा व प्रतिष्ठा दोन्ही सहज लाभली असती. ते साताऱ्यास परतले, शिवाजी कॉलेजचे प्राचार्य झाले, संस्थेचे काम पाहिले, पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूपद भूषविले, आणि आपल्या गुरूचे विस्तृत चरित्र इंग्रजीत लिहिले. बॅरिस्टरी मात्र त्यांच्या नावापुढे बिरुदापुरतीच राहिली.