आय. एफ. स्टोन : चार पानांच्या वर्तमानपत्राचा संपादक

अमेरिकेतील शाळांमधून आपल्या मुलांना मॅकार्थीचा काळ आणि व्हिएतनामचे युद्ध हे दोन्ही विषय अभ्यासाला असतात. या दोन्ही काळांत एक माणूस वॉशिंग्टनमधून स्वतःचे चार पानी साप्ताहिक चालवत होता. त्याला ना मोठ्या कंपनीचा आधार होता, ना जाहिरातींचा. त्या संपादकाची, आय. एफ. स्टोन यांची, ओळख वाचकांना करून द्यावी म्हणून ही माहिती आम्ही देत आहोत.

बालपण आणि सुरुवात

स्टोन यांचा जन्म २४ डिसेंबर १९०७ रोजी फिलाडेल्फियात झाला. मूळ नाव इझिडोर फाइनस्टाइन. आईवडील रशियातून आलेले ज्यू. वडिलांचे न्यू जर्सीतील हॅडनफील्ड गावी दुकान होते. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात तसे झाले. १९२२ साली, शाळेत असतानाच, त्यांनी 'द प्रोग्रेस' नावाचे छोटे वर्तमानपत्र काढले. त्याचे अवघे तीन अंक निघाले. पण चौदा वर्षांच्या या मुलाने त्यात गांधीजींच्या स्वातंत्र्यलढ्याला पाठिंबा दिला होता, हे आपण भारतीयांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील शिक्षण अर्धवट सोडून ते पत्रकारितेत आले. १९३३ पासून 'न्यूयॉर्क पोस्ट'मध्ये अग्रलेख लिहू लागले. पुढे 'द नेशन' या साप्ताहिकात आणि 'पीएम' या दैनिकात त्यांनी काम केले. ज्यूद्वेष वाढत होता. नाव पाहूनच लोकांनी लिखाण बाजूला टाकू नये म्हणून १९३७ साली त्यांनी 'आय. एफ. स्टोन' हे नाव घेतले. मित्रमंडळींत मात्र ते शेवटपर्यंत 'इझी'च राहिले.

नोकरी गेली, वर्तमानपत्र जन्मले

१९५२ च्या अखेरीस ते काम करत असलेले 'डेली कंपास' बंद पडले. तो मॅकार्थीचा काळ होता. डाव्या विचारांच्या पत्रकाराला, त्यातून कोरियन युद्धाच्या सरकारी हकिकतीवर शंका घेणारे पुस्तक नुकतेच लिहिलेल्या माणसाला, कोण नोकरी देणार? स्टोन यांनी बंद पडलेल्या वर्तमानपत्रांच्या वर्गणीदारांच्या याद्या मिळवल्या, त्यांना पत्रे पाठवली आणि १७ जानेवारी १९५३ रोजी 'आय. एफ. स्टोन्स वीकली'चा पहिला अंक काढला. वर्षाची वर्गणी ५ डॉलर, सुरुवातीचे वर्गणीदार सुमारे ५,३००. त्यांत अल्बर्ट आइन्स्टाइन आणि एलिनॉर रूझवेल्ट यांचीही नावे होती.

बातमीदार, संपादक आणि प्रकाशक सर्व काही स्टोन स्वतःच. लोकांना हा एकखांबी तंबू वाटे, पण खांब खरे तर दोन होते. वर्गणी, हिशेब आणि टपाल ही सारी बाजू त्यांच्या पत्नी एस्थर सांभाळत.

कामाची पद्धत

स्टोन यांना ऐकू कमी येत असे. त्यामुळे पत्रकार परिषदांपेक्षा त्यांचा भर छापील कागदांवर असे. काँग्रेसच्या कामकाजाचे अहवाल, समित्यांपुढील साक्षी, खात्यांची पत्रके ते बारकाईने वाचत आणि सरकारचे एक कागदपत्र दुसऱ्याशी ताडून पाहत. गुप्त बातमीची त्यांना फारशी गरज पडत नसे. विसंगती छापील पानांतच सापडे.

याची दोन उदाहरणे पाहू. सप्टेंबर १९५७ मध्ये नेवाडात भूमिगत अणुचाचणी झाली. तिचे धक्के २०० मैलांपलीकडे जाणवले नाहीत, असे अणुऊर्जा आयोगाने पुढे सांगितले. म्हणजे चाचणीबंदीचा करार झाला तरी चोरून केलेली चाचणी पकडता येणार नाही, असा त्याचा अर्थ होत होता. स्टोन यांनी सरकारच्याच भूकंपमापन विभागाकडे चौकशी केली. धक्क्यांची नोंद दूर अलास्कापर्यंत, दोन हजारांहून जास्त मैलांवर, झाली होती. आयोगाला आपले विधान दुरुस्त करावे लागले.

दुसरे उदाहरण व्हिएतनामचे. तेथील बंडखोरांना शस्त्रे बाहेरून येतात, असे १९६५ च्या सरकारी श्वेतपत्रिकेत म्हटले होते. स्टोन यांनी तिचे परिशिष्ट मोजले. त्यात कम्युनिस्ट देशांत बनलेली शस्त्रे भरली १७९. संरक्षण खात्याच्याच आकड्यांनुसार तीन वर्षांत पकडलेली शस्त्रे होती सुमारे १५,१००! ऑगस्ट १९६४ च्या टोंकिनच्या आखातातील 'दुसऱ्या हल्ल्या'वरही त्यांनी तेव्हाच शंका घेतली होती. तो हल्ला झालाच नव्हता, हे पुढे खुल्या झालेल्या सरकारी कागदपत्रांतून दिसून आले.

टीका आणि वाद

एफबीआयने त्यांच्यावर वर्षानुवर्षे पाळत ठेवली. दुसरीकडे, १९५६ मध्ये सोव्हिएत युनियनला भेट देऊन आल्यावर त्यांनी तिथल्या राजवटीवर कडक टीका केली, तेव्हा डाव्या वाचकांपैकी कित्येकांनी वर्गणी बंद केली. १९३६ ते ३८ या काळात त्यांचे सोव्हिएत हेरखात्याशी संबंध होते, असा आरोप त्यांच्या मृत्यूनंतर झाला. त्याबद्दल अभ्यासकांत आजही एकमत नाही.

अखेरची वर्षे

प्रकृतीमुळे साप्ताहिकाचे पाक्षिक झाले आणि डिसेंबर १९७१ मध्ये ते थांबले. तेव्हा वर्गणीदार सुमारे ७०,००० होते, आणि वर्गणी मात्र तीच ५ डॉलर! निवृत्तीनंतर ते प्राचीन ग्रीक भाषा शिकले आणि १९८८ साली त्यांचे 'द ट्रायल ऑफ सॉक्रेटिस' प्रसिद्ध झाले. १८ जून १९८९ रोजी बोस्टनमध्ये त्यांचे निधन झाले.

आपल्याकडे टिळक-आगरकरांपासून संपादकाला मान देण्याची परंपरा आहे. स्टोन यांची सगळी मते पटतीलच असे नाही, आम्हालाही पटत नाहीत. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. वर्तमानपत्र कोणाच्या पैशावर चालते यावर ते काय छापू शकते हे ठरते. स्टोन यांचे धनी म्हणजे हजारो साधे वर्गणीदार, त्यामुळे कोणा एकाला ते पत्र बंद पाडता आले नाही. मुलांना शाळेसाठी या काळावर प्रकल्प करायचा असेल तर 'वीकली'चे जुने अंक जरूर दाखवावेत. अंक चारच पानांचा असतो, मुलांबरोबर आपणही सहज वाचून काढू.